शपथ घेऊन पाळणा लांबत नाही

(किशोरींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या विभागीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)



मला दिलेला विषय असा : किशोरवयातली गर्भारपणं टाळण्यासाठी जे कार्यक्रम चालतात ते परिणामकारक कशानं होतात? पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, हा प्रश्न बाहेरून आलेल्या शब्दांत विचारला आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये हे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर येते ती शाळेत जाणारी, लग्न न झालेली मुलगी. आता आपल्या गावातली सोळा वर्षांची गरोदर पोरगी डोळ्यांसमोर आणा. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. पाचव्या महिन्यात तिची चोरओटी भरलेली असते. तिचं पोट लपवायचं नसतंच. उलट लग्नाला वर्ष होऊनही ते दिसलं नाही तर शेजारपाजारच्या बाया विचारायला लागतात. म्हणजे ज्याला आपण इथे समस्या म्हणतोय, ती गोष्ट घडावी म्हणून सगळं गाव वाट पाहत असतं. कार्यक्रम आखताना आपण हे विसरतो आणि तिथेच पहिली चूक होते.

लग्नाशिवाय दिवस जाणाऱ्या मुली नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि त्यांचे हाल वेगळे आहेत. त्यांच्याकडे मी नंतर येते.

थोडे आकडे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठरा पुरे होण्याआधी झालं होतं. हे सगळ्या राज्याचं. परभणी जिल्ह्यात हेच ४८ टक्के होतं, बीडमध्ये ४४ च्या आसपास. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत लग्नाचा आकडा २६ टक्के होता आणि गर्भारपणाचा ८.३. दोन्ही उतरले आहेत, पण लग्नाचा जितका उतरला तितका गर्भारपणाचा उतरलेला नाही. आणि एक लक्षात ठेवा, या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ सालात झालं. त्यानंतर टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या, दहा-वीस माणसांत स्वस्तात लग्नं उरकली. त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२१-२२ चा एसटीचा संप. ज्या पोरी पास काढून तालुक्याच्या शाळेला जायच्या त्या सहा महिने घरी बसल्या. या सगळ्याचा हिशेब त्या आकड्यांत नाही. तो आपल्या गावच्या पोरी मोजून आपणच करायचा आहे.

कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचे धोके तुम्हाला मी सांगायला नकोत. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त किशोरींच्या अंगात पुरेसं रक्त नाही. त्यात पोट वाढवायचं, पुढे अडलेलं बाळंतपण, कमी वजनाचं मूल. हे तुम्ही रोज पाहता.

आता आमच्या संघटनेची एक गोष्ट सांगते. आम्ही सुरुवातीला काय केलं? सगळे करतात तेच. शाळेत गेलो, पथनाट्य केलं, प्रभातफेरी काढली, भिंतीवर घोषणा रंगवल्या आणि शेवटी मुलींना रांगेत उभं करून उजवा हात पुढे करायला लावून शपथ दिली : मी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही. फोटो काढला, अहवालात लावला. त्या रांगेत नववीतली एक पोरगी होती. आवाज खणखणीत, सगळ्यांत पुढे तीच. मे महिन्यात तिचं लग्न झालं. दिवाळीला माहेरी आली तेव्हा पोटुशी होती. मी भेटायला गेले. मनात राग होता, खरं सांगते, तिच्यावरच होता. म्हटलं, तू तर शपथ घेतली होतीस ना? ती म्हणाली, “ताई, सपत म्या घेतली व्हती. बापानं कुटं घेतली व्हती?”

मी गप्प झाले. मग तिच्या आईशी बोलले. आईबाप दोघं ऊसतोडीला जाणारे. सहा महिने कारखान्याच्या फडावर, कोपीत राहायचं. धाकटा भाऊ सोबत, पण ही वयात आलेली. आई म्हणाली, “तिला गावात कुणापाशी ठिवू? आन् फडावर नेली तर रातच्याला माझ्या जिवाला घोर.” शिवाय तोडीला उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीला. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो. म्हणजे हंगामाच्या आधी पोराचं लग्न लावलं तर त्या घरी एक कोयता वाढतो आणि पोरीच्या घरी एक काळजी कमी होते. या हिशेबात आमची शपथ कुठे बसत होती?

तिथून मी हा प्रश्न उलटा विचारायला लागले. एखादा कार्यक्रम पाहिला की मी विचारते : या घरात लग्न कधी करायचं, मूल कधी होऊ द्यायचं हे ठरतं कुठे, कोण ठरवतं? कार्यक्रम त्या ठिकाणी पोचतो का?

अगदी वेगळ्या मुलखातलं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या परिसरात शाळेतल्या मुलींना एक बाहुली द्यायची पद्धत होती. बाहुली यंत्राची. रात्री-अपरात्री रडते, तिला दूध पाजायचं, लंगोट बदलायचे. मुलीनं शनिवार-रविवार ती सांभाळायची म्हणजे तिला कळेल आई होणं किती जड आहे, आणि ती आपोआप सावध होईल. ऐकायला किती पटतं! ५७ शाळांत याची नीट तपासणी झाली, त्या मुलींची माहिती वीस वर्षं वयापर्यंत ठेवली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी ८ टक्के मुली त्या वयाच्या आत आई झाल्या होत्या, न सांभाळलेल्यांपैकी ४ टक्के. म्हणजे बाहुलीनं उलटंच केलं. घाबरवून काही साधत नाही हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं म्हणा, पण देणगीदारांना ते सांगायला असा कागद हाताशी असलेला बरा.

मग माहिती देण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण कुठे आहे ते पाहा. पश्चिम केनियात सरकारी अभ्यासक्रम मुलींना एवढंच सांगत होता : लग्न होईपर्यंत थांबा. त्यानं मुलींच्या गर्भारपणात काही फरक पडला नाही. त्याच भागात काही शाळांत आठवीच्या मुलींना एकच साधी गोष्ट सांगितली. पैसेवाल्या, वयानं मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीची लागण तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. बस. त्या मुलींमध्ये गर्भारपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी निघालं. कारण तिथे कुणाबरोबर जायचं हे थोडंफार तरी मुलीच्या हातात होतं, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायला तिला कामाला येईल अशी गोष्ट मिळाली. जिथे निर्णय मुलीच्या हातात आहे तिथे खरी माहिती काम करते. आपल्याकडे तो तिच्या हातात नाही. म्हणून आपल्याकडच्या कामाला तिच्या माहितीपाशी थांबून चालत नाही.

आपल्या मराठवाड्यातलंच एक उदाहरण मी फार वर्षं मनाशी धरून आहे. पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं १९९८ च्या सुमारास आसपासच्या सतरा गावांत बारा ते अठरा वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींचे वर्ग सुरू केले. शाळा सुटलेल्या, मजुरीला जाणाऱ्या मुलींवर भर होता. वर्ग रोज संध्याकाळी एक तास, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर. एकूण सव्वादोनशेच्या आसपास तास होतात. शिकवणारी बाई त्याच गावची, निदान सातवी शिकलेली. शिकवायचं काय, तर आरोग्य, आहार, मुलांची काळजी हे होतंच, पण गावातल्या संस्था कशा चालतात, आपलं म्हणणं कसं मांडायचं हेही होतं. आईबापांनाही त्यात घेतलेलं होतं.

काय झालं? कार्यक्रमाच्या गावांत अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण १९९७ मध्ये ८० टक्क्यांच्या वर होतं, ते २००१ पर्यंत ६२ टक्क्यांवर आलं. ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्नं उरकलेली असतात ते वय सोळावरून सतरावर गेलं. ज्या गावांत वर्ग नव्हते तिथल्या मुलींचं अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता वर्ग पुरा केलेल्या मुलींच्या चौपट होती.

आता कुणी म्हणेल, सतरा म्हणजे कायद्यानं नापासच की! बरोबर आहे. पण सोळाव्या वर्षी झालेलं लग्न आणि सतराव्या वर्षी झालेलं यात एक पूर्ण वर्ष आहे, दहावी-अकरावीचं वर्ष, हाडं भरण्याचं वर्ष. मी ते वर्ष वाया गेलं म्हणणार नाही. दुसरी शंका जास्त खरी आहे. वर्षभर रोज वर्गाला यायला ज्या घरांनी सोडलं ती घरं मुळातच थोडी सैल असणार. म्हणून ‘चौपट’ या शब्दावर मी फार उड्या मारत नाही. पण सबंध भागातच लग्नं मागे सरकली, हे त्या शंकेनं पुसलं जात नाही.

हे का झालं असावं? हे माझं वाचन आहे, त्यांच्या अहवालातलं नाही. आपण शिबिर घेतो ते दोन दिवसांचं. पोरगी येते, हसते, नाचते, घरी जाते, परत चुलीपाशी. रोजचा एक तास म्हणजे वेगळंच काही आहे. रोज संध्याकाळी पोरगी वही घेऊन घराबाहेर पडते, हे बाप पाहतो. सासरचे व्हायची शक्यता असलेले लोक पाहतात. गावाला सवय होते की पोरीला तिची स्वतःची एक वेळ आहे, तिचं काहीतरी चालू आहे, ते अर्धवट आहे. जिचं काही चालू नाही तिचं लग्न लावायला काय अडतं? आणि शिकवणारी त्याच गल्लीतली काकी किंवा वहिनी. स्थळ आलं की तिला संध्याकाळीच कळतं, आणि ती स्वयंपाकघरात शिरून आईशी बोलू शकते. मी तालुक्याहून जीपमधून येणार, तोवर सुपारी फुटलेली असते.

म्हणून मला एक गोष्ट खटकते. आता जो तो किशोरी-मैत्रीण, किशोरी-सखी नेमतो. चांगलं आहे. पण तिला मानधन द्यायचं म्हटलं की हात आखडतो. आफ्रिकेत ब्रॅक या संस्थेनं युगांडात मुलींसाठी गावोगाव मंडळं चालवली. बसायला जागा, खेळ, शरीराची माहिती आणि जोडीला कमाईचं कौशल्य. चार वर्षांनंतरही तिथे किशोरवयीन गर्भारपणं आणि लवकर होणारी लग्नं चांगलीच घटलेली दिसली. तोच आराखडा शेजारच्या टांझानियात नेला, पण पैसा, साहित्य, जागा यांची ओढाताण होती. तिथे परिणाम शून्य. आराखडा तोच, पुस्तक तेच. देणगीदार तुम्हाला पुस्तक देईल आणि म्हणेल, हे सिद्ध झालेलं आहे, आता राबवा. त्याला विचारा, सातवी-दहावी शिकलेल्या आमच्या बाईला रोजच्या त्या तासाचे किती देणार?

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो थोडा नीट पाहू. सरकारला वाटतं पालकांना पैसे दिले की पोरी थांबतील. हरियाणात १९९४ मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ योजना आली. मुलगी जन्मली की तिच्या नावानं रोखा, आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न झालं नाही तर २५,००० रुपये मिळायचे. पहिल्या मुली २०१२ नंतर अठराच्या झाल्या. तपासणीत दिसलं की मुली शाळेत थोड्या जास्त टिकल्या, हे चांगलं झालं. पण अठराच्या आतल्या लग्नांत फरक पडला नाही. आणि बहुतेक घरांनी हे धरून चाललं होतं की सरकारनं हे पैसे पोरीच्या लग्नासाठी दिले आहेत. मुलगी म्हणजे लग्नाचा खर्च, हीच गोष्ट सरकारी शिक्क्यानं पक्की झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी ‘लेक लाडकी’ योजना आहे. जन्माला ५,०००, पहिलीला ६,०००, सहावीला ७,०००, अकरावीला ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. हप्ते शाळेला जोडले हे हरियाणापेक्षा बरं आहे. पण मोठी रक्कम पुन्हा शेवटी, अठराला. ते ७५,००० मांडवाचे होणार की नर्सिंगच्या फीचे, हे आत्तापासून गावात कोण कसं बोलतं यावर ठरेल. त्या मुली अजून बालवाडीच्या वयाच्या आहेत. आपल्याला वेळ आहे.

बांगलादेशातून आलेली एक गोष्ट मात्र मला टोचली, ती तुम्हालाही सांगायलाच हवी. तिथे दक्षिण भागात काही गावांत पंधरा ते सतरा वयाच्या मुलींच्या घरी, मुलगी बिनलग्नाची असेल तर, दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचं तेल दिलं. तेल! काही गावांत मुलींचे सक्षमीकरणाचे वर्ग चालवले. तेलाच्या गावांत अठराच्या आतली लग्नं सुमारे एक पंचमांशानं घटली. वर्गांच्या गावांत शिक्षण वाढलं, पण लग्नं घटली नाहीत. हे वाचून मी दोन दिवस चिडलेली होते. मग विचार केला. तिथेही आपल्यासारखंच आहे, पोरगी थोराड झाली की हुंडा वाढतो. तेलानं तो वाढणारा भार थोडा उचलला आणि घरात थांबायला एक निमित्त दिलं. आई पाहुण्यांना सांगू शकली, आत्ता नको, वर्षभर थांबू. त्याच देशात खुलना, सातखीरा आणि नराईल जिल्ह्यांत ‘बालिका’ नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमात मुलींच्या वर्गांनीही लग्नं पाव ते एक तृतीयांशापर्यंत कमी केली. तेव्हा ‘वर्ग की तेल’ असं भांडण मी लावणार नाही. पण घरच्या अडचणीला हात न लावता नुसतं मुलीचं धैर्य वाढवायचं आणि मग तिला एकटीलाच बापासमोर उभं करायचं, हे बरोबर नाही, एवढं मी त्या तेलापासून शिकले. आमच्या त्या नववीतल्या पोरीला सहा महिन्यांच्या वसतिगृहाची गरज होती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. तुमच्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह खरोखर चालू आहे का, हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रवेश मिळतो का, रात्री तिथे बाई अधीक्षक राहते का, हे पाहणं म्हणजे गर्भारपण टाळण्याचाच कार्यक्रम आहे. अहवालात तो कुठल्या रकान्यात लिहायचा, ते नंतर बघू.

आता लग्न झालेल्या पोरीकडे या. ती सगळ्यांच्या हातून निसटते. किशोरी गटातून तिचं नाव कमी होतं, कारण ती आता ‘बाई’ झाली. बाळंतपणाच्या यादीत ती येते दिवस गेल्यावर. मधले सहा महिने, वर्षभर तिच्याकडे कुणी जात नाही. आणि नेमकं तेव्हाच सगळं ठरत असतं. आपलं कुटुंब नियोजन इतकी वर्षं ‘दोन मुलं झाली, आता शस्त्रक्रिया’ याच वाटेनं चाललं. पहिलं मूल लांबवायचं असतं, हेच मुळी कुणाला सुचत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली, तरी सतरा वर्षांच्या नवरीसाठी निरोधचं पाकीट कुणी मागायचं हा प्रश्न आहे तिथेच आहे. आशाताईला लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवल्याबद्दल ५०० रुपये द्यायची तरतूद २०१२ पासून झाली, पण आशाताई त्या घरी जाणार ती सासूच्या परवानगीनं, आणि सासूला नातू हवा आहे. पाचोडच्या लोकांनी पुढे लग्न झालेल्या किशोरींसाठी दर महिन्याच्या घरभेटींचं काम उभं केलं, ते याच कारणानं. माझा अनुभव असा, की सासूशी बोलताना ‘मूल नको’ म्हणू नये. ‘अंगात रक्त भरू द्या, मग बाळ धडधाकट होईल’ म्हटलं की ती ऐकते. आणि नवऱ्याशी बोलायला पुरुष कार्यकर्ता लागतो. तोही वीस-एकवीस वर्षांचाच असतो, त्यालाही कुणी काही सांगितलेलं नसतं. २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ करून शाळांमधलं किशोरवयीन शिक्षण बंद पाडलं गेलं. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज बाप झालेली आहेत.

आता अवघड भाग. कायदा.

२०१२ मध्ये पॉक्सो आला, संमतीचं वय अठरा झालं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच. आपण त्या निकालाचं स्वागत केलं होतं, आणि मी आजही म्हणते की ते बरोबर होतं. पण गावात काय झालं? सतरा वर्षांची गरोदर पोरगी सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक. नवरा आत, कधी सासरा आत. ज्याच्या जिवावर तिचं घर चालणार तोच तुरुंगात, आणि दोष तिच्यावर : हिच्या पायगुणानं झालं. म्हणून घरचे एक तर तिला दवाखान्यात नेत नाहीत, नाही तर वय वाढवून सांगतात. तुम्ही तुमच्या भागातलं गरोदर मातांचं रजिस्टर उघडून पाहा. आमच्या भागात मी पाहिलंय. सगळ्या पोरी एकोणीस वर्षांच्या! अठराची कुणी नाही, सतराची तर नाहीच नाही. नर्सबाईही लिहितात, कारण त्यांना पोरीचं रक्त तपासायचं असतं, पोलीस ठाण्यात साक्ष द्यायची नसते. मी त्या नर्सबाईंना दोष देत नाही. पण सतराची पोरगी एकोणीस लिहिली की तिला जी जास्तीची काळजी मिळायची ती मिळत नाही.

आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनं मोहीम काढून बालविवाहाच्या नावाखाली तीन हजारांहून जास्त लोकांना पकडलं. बाया पोलीस ठाण्यांसमोर रडत बसल्या होत्या. गरोदर पोरी दवाखाना टाळायला लागल्याच्या बातम्या आल्या. लोकांच्या खाजगी आयुष्यात यानं हाहाकार माजला, अशा अर्थाचं गुवाहाटी उच्च न्यायालयालाही म्हणावं लागलं. हा कार्यक्रम आकड्यात फार परिणामकारक दिसेल बरं का. नोंदी कमी होतील, कारण नोंद करायलाच कुणी येणार नाही.

लग्न न झालेल्या पोरींवर याचा मार सगळ्यांत जास्त बसतो. प्रेमानं असो, फसवून असो, घरातल्याच कुणी जबरदस्ती केलेली असो, दिवस गेले की ती दवाखान्याच्या पायरीपासूनच मागे फिरते. अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची संमती लागते, म्हणजे आधी घरी सांगा. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एक दार किलकिलं केलं : अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे? आमच्या तालुक्यात मी तिघांना विचारलं. तिघांनाही माहीत नव्हतं. निकालाची मराठी प्रत हातात ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मैत्री क्लिनिकमध्ये जाऊन बसणं, हे काम उद्यापासून करता येईल. त्याला निधी लागत नाही.

आपल्यात यावर एकमत नाही, मला माहीत आहे. काही जणी म्हणतील, कायद्याचा धाक नको तर मग काय हवं? ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंध अधिकारी केलंय, त्यानं लग्न होण्याआधी थांबवावं, त्यासाठी धाक जरूर वापरा. आम्हीही वापरतो, अक्षता पडायच्या आधी फोन करतो. पण अक्षता पडल्यानंतर आणि पोट दिसायला लागल्यानंतर तोच धाक त्या पोरीच्याच मानेवर बसतो. आणि जबरदस्ती झालेली असेल तर? तिथे तक्रार व्हायलाच हवी, आणि ती करायला तिच्या बाजूनं उभं राहायला आपण हव्यात. या तिन्ही ठिकाणी एकच नियम लावता येत नाही. मला तरी अजून साधलेलं नाही. याच्यावर भांडू या, आत्ताच.

नववीतल्या त्या पोरीचं पुढे काय झालं, असं मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं. तिला पहिली मुलगी झाली, सात महिन्यांची, वाचली. ती स्वतः तीन मोसम तोडीला गेली. आता गावातच असते, आमच्या संध्याकाळच्या वर्गाला जागा तिच्याच पडवीत आहे. तिची मुलगी यंदा आठवीत आहे. जागेचं भाडं ती घेत नाही म्हणाली होती. आम्ही देतो.

जेवणानंतर गटात बसाल तेव्हा तुमच्या गावच्या बारा ते अठरा वयाच्या मुलींची यादी काढा. समोर एवढंच लिहा : संध्याकाळी सात वाजता ती कुठे असते, हंगामात ती कुणाजवळ राहते, आणि लग्न झालं असेल तर शेवटचं तिच्या घरी कोण, कधी गेलं होतं. रजिस्टरमधलं वय लिहू नका. दाखल्यावरचं लिहा.